चोवीस व्होल्टचा होकार

चंद्रपूरच्या माणसाला फोनवर 'निघालास का?' असं विचारलं तर तो 'हाव' म्हणत नाही आणि 'नाई' म्हणत नाही. तो म्हणतो, 'निघूनच राहिलो.' या दोन शब्दांत अंघोळीला जाण्यापासून दारात चप्पल काढण्यापर्यंतची कोणतीही अवस्था बसते. ऐकणाराही त्याच मातीतला असल्यामुळे त्याला नेमका अंदाज येतो आणि तोही सावकाश शर्ट शोधायला लागतो. मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत शिरलं तरी क्रियापदाची ही सोय सुटत नाही. करून राहिलो, जेवून राहिलो, पाहून राहिलो. इथं कोणतंही काम न झालेलं नसतं आणि झालेलंही नसतं.

अशा मुलखात आता मोशन कंट्रोलर येऊन राहिला आहे. त्याला हो आणि नाही यांपलीकडे काही कळत नाही.

मोशन कंट्रोलर म्हणजे मोटरला कुठवर, किती वेगानं आणि कुठं थांबायचं ते सांगणारी पेटी. कागद कापणाऱ्या यंत्रात ती असते, पोती भरणाऱ्या यंत्रात असते, आणि नव्या तऱ्हेच्या आरा मशीनमध्येही असते. आरा मशीन हा बल्लारपूरच्या जिव्हाळ्याचा विषय. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २९ मार्च २०२३ रोजी सागवानाची वाजतगाजत मिरवणूक निघाली ती याच गावातून. इथल्या जुन्या मिस्त्रीला ओंडका नुसता पाहून त्यातून किती फळ्या निघतील ते सांगता येतं. फळीची जाडी तो इंच आणि सुतात बोलतो, आठ सुतांचा एक इंच. करवतीपासून किती अंतरावर लाकूड धरायचं याची खूण पूर्वी लाकडी पट्टीवर खडूनं केलेली असे. आता ते अंतर सर्व्हो मोटर ठरवते, आणि ती मोटर कंट्रोलरच्या हुकमात असते. खडू मात्र मिस्त्रीच्या खिशात अजून आहे.

कंट्रोलर हुशार असला तरी आंधळा. त्याला बाहेरचं जग कळतं ते कडेच्या टर्मिनलच्या रांगेतून. हे डिजिटल इनपुट. प्रत्येकाला एक नंबर, प्रत्येकाच्या डोक्यावर एक बारीक हिरवा दिवा. तारेवर २४ व्होल्ट आले की दिवा लागतो आणि आत 'हो' पोचतं. करंट म्हणाल तर जेमतेम काही मिलिअँपिअर. तोही थेट मेंदूपर्यंत जात नाही. मध्ये ऑप्टोकप्लर नावाचा चिमुकला तुकडा असतो. त्याच्या एका बाजूला एलईडी पेटतो, दुसऱ्या बाजूला बसलेला ट्रान्झिस्टर तो उजेड पाहतो, आणि दोघांमध्ये तार म्हणून नसते. पावसाळ्यात रपटा बुडाला की नाल्याच्या दोन काठांवरचे लोक बॅटरीचा उजेड मारून खुणा करतात, तसा हा कारभार. बाहेर काही जळलं तरी मेंदू वाचतो.

भानगड सुरू होते ती हो आणि नाहीच्या मधल्या जागेत. आयईसी ६११३१-२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे नेहमीच्या २४ व्होल्टच्या इनपुटला ५ व्होल्टपर्यंत 'नाही' समजायचं आणि १५ व्होल्टपासून पुढे 'हो'. काही प्रकारांत हा 'हो' ११ व्होल्टपासूनच सुरू होतो. मधल्या पट्ट्यात काय समजायचं? मानक त्यावर गप्प आहे. सकाळी तारेवर ९ व्होल्ट असले तर कंट्रोलर 'हो' म्हणेल, दुपारी 'नाही' म्हणेल, आणि दोन्ही वेळा त्याचं चुकलं असं कोणाला म्हणता येणार नाही. दोन तारांचा सेन्सर बंद असतानाही थोडा करंट झिरपवत राहतो, ओल्या जॉइंटमधून थोडा गळतो, आणि मग इनपुटची अवस्था 'निघूनच राहिलो' अशी होते.

मधल्या पट्ट्याचा अनुभव या दोन जिल्ह्यांना नवा नाही म्हणा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला लागली आणि २०२१ मध्ये उठली. म्हणजे वैनगंगेच्या एका काठावर ० आणि दुसऱ्यावर आधी १, मग ०, मग पुन्हा १. मधल्या पुलाची नेमकी अवस्था काय हे कोणत्याही मानकात नाही.

इनपुटला बातमी देणाऱ्यांत सगळ्यात कष्टाळू प्राणी म्हणजे प्रॉक्सिमिटी सेन्सर. पूर्ण नाव घेण्याइतका वेळ कोणत्याच वर्कशॉपला नसतो, त्यामुळे सगळे त्याला 'प्रॉक्सी' म्हणतात. कॉलेजात प्रॉक्सी म्हणजे मित्राच्या नावानं 'हजर सर' म्हणणं. याचंही काम तेच. लोखंडाचा तुकडा काही मिलिमीटरवर आला की हा न शिवता त्याच्या वतीनं हजेरी लावतो. फरक एवढाच की इथं लोखंड खरोखर आलेलं असतं.

प्रॉक्सीला तीन तारा. ब्राऊन म्हणजे प्लस, ब्लू म्हणजे मायनस, ब्लॅक म्हणजे सिग्नल. हा जगभरचा रिवाज आहे आणि सेन्सरच्या बुडाशी तो पाळलेला असतो. तिथून पॅनेलपर्यंतची वीस मीटर तार मात्र गावच्या दुकानातून येते, आणि त्या दिवशी दुकानात जो रंग असेल तो प्लस होतो. हिरवी-पिवळी तार जगात सगळीकडे फक्त अर्थिंगसाठी राखून ठेवलेली आहे. पॅनेलमध्ये ती सिग्नलला दिसली आणि विचारलं, तर उत्तर अगदी सरळ मिळतं : 'तेवढीच बंडलात उरली होती जी.'

रंग जुळले तरी पीएनपी आणि एनपीएनचा घोळ उरतोच. पीएनपी जातीचा प्रॉक्सी सिग्नलच्या तारेवर स्वतः प्लस देतो. एनपीएन जातीचा काही देत नाही, तो तीच तार मायनसकडे ओढून घेतो. युरोपी मशीनवर बहुधा पहिला भेटतो, जपानी वळणाच्या मशीनवर दुसरा, आणि आपल्याकडे दोन्हीकडची मशीनं शेजारी शेजारी उभी असल्यामुळे टूलबॉक्समध्ये दोन्ही एकाच डब्यात. आता लग्नात एक बाजू देणारी आणि एक घेणारी असली तर व्यवहार होतो. दोन्हीकडचे घ्यायलाच बसले तर मांडव शांत. एनपीएन प्रॉक्सी आणि त्याच्यासारखंच घेणारं इनपुट समोरासमोर आले की प्रॉक्सीचा स्वतःचा दिवा लागतो, कंट्रोलरचा लागत नाही, आणि जोडणारा पोरगा दोन दिव्यांकडे आळीपाळीनं पाहत राहतो. बऱ्याच कंट्रोलरमध्ये त्यावर तोड ठेवलेली असते. इनपुटांचं 'कॉमन' टर्मिनल मायनसला जोडलं तर पीएनपी चालतो, प्लसला जोडलं तर एनपीएन. त्यामुळे पॅनेलभोवती जमलेल्या मंडळींत सर्वात जास्त वेळा ऐकू येणारा प्रश्न एकच.

'कॉमन कुठं दिला बे?'

'कॉमन म्हणजे न्यूट्रलच ना?'

'नाई ना बे!'

यानंतर पाच मिनिटं कोणी बोलत नाही.

तारा जोडून झाल्या की कॉन्फिगरेशन, म्हणजे कोणतं इनपुट कशासाठी हे कंट्रोलरला शिकवणं. इनपुट एक म्हणजे पुढची हद्द, इनपुट दोन म्हणजे होम, इनपुट तीन म्हणजे मागची हद्द. शिवाय दिवा लागला म्हणजे 'हो' समजायचं की विझला म्हणजे, ही पोलॅरिटी वेगळी सांगायची. यातला 'होम' हा प्रकार हृदयस्पर्शी आहे. मोटर किती फिरली ते मोजणारा एन्कोडर साधा असेल, तर मशीनला सकाळी लाइट आली की आपण कुठं आहोत हे आठवत नाही. रात्री तीनला बल्लारशाह स्टेशनवर अर्धवट झोपेत उतरलेल्या माणसासारखं ते हळूहळू एका दिशेला चालू लागतं. होम स्विच लागला की थांबतं, जरा मागे सरतं, पुन्हा अगदी बेतानं पुढे येऊन त्याला टेकतं आणि म्हणतं, हा माझा शून्य. दिवसभराची सगळी मापं मग तिथून मोजायची. मशीन आधीच होमवर उभं असेल तर ते प्रथम घराबाहेर पडतं आणि मग रीतसर आत येतं. बाहेर न पडता घरी पोचल्याचं ते मान्य करत नाही.

आरागिरणीत मे महिन्यातली सकाळ साधारण अशी असते. बाहेर पारा ४५ च्या वर जाण्याच्या तयारीत. पॅनेलचं दार उघडं, कारण आतला कंट्रोलर ५५ अंशांपर्यंतच टिकतो असं मॅन्युअलमध्ये छापलेलं. उघड्या दारासमोर कूलर, कारण चंद्रपुरात माणसाला कूलर लागतो तर मशीननं काय पाप केलं? कूलरची दमट हवा, लाकडाचा भुसा आणि उघडं दार एवढा सरंजाम असला की बाकीची जीवसृष्टी आपोआप येते. मशीन चालू केलं की ते उलट्या दिशेला निघतं, टोकाच्या लिमिटला धडकतं आणि लाल अलार्म देऊन बसतं.

'काहून बंद पडली जी?' शेठजी विचारतात.

'होम भेटून नाई राहिला,' टेक्निशियन पोरगा सांगतो.

पुण्याचे इंजिनिअर सर फोनवर असतात. 'इनपुट दोनचा दिवा लागलाय का?' 'लागूनच आहे सर. विझूनच नाई राहिला.' 'पोलॅरिटी बदलून बघा.' पोलॅरिटी बदलली जाते. आधी मशीन घराबाहेर पडण्याच्या प्रयत्नात एका टोकाला धडकत होतं, आता ते घर शोधत दुसऱ्या टोकाला धडकतं. सर पॅरामीटरचा नवा नंबर सांगतात. शेठजी घड्याळ पाहतात. तासाभरानं आरा मिस्त्री कानावरची बिडी काढून उठतो आणि होम स्विचजवळ वाकून पाहतो.

'हे पाय, कुंभारणीनं घर केलं.'

स्विचच्या दांडीवर कुंभारमाशीनं ओल्या मातीचं सुबक घर बांधलेलं असतं. दांडी दाबलेल्या अवस्थेतच लिंपून गेलेली. आत पुढच्या पिढीसाठी बेशुद्ध केलेल्या कोळ्यांचा शिधा भरलेला. पोरगा म्हणतो, 'काकाजी, तुम्हाले कसं समजलं?' काकाजी म्हणतात, 'तू दिवा पाहून राहिला होता, मी स्विच पाह्यला.' पेचकसनं माती खरवडली जाते, पोलॅरिटी पहिल्यासारखी होते, मशीन घरी पोचतं. सर्व्हिस रिपोर्टमध्ये कारण लिहिलं जातं : फॉरेन मटेरियल. खरं तर मटेरियल शंभर टक्के स्थानिक होतं.

भाताच्या पट्ट्यात, मूल आणि सिंदेवाहीकडच्या राईस मिलमध्ये तक्रारीचा प्रकार वेगळा. तिथं पट्ट्यावरून जाणारं पोतं एक दांडी ढकलतं आणि कंट्रोलर एक पोतं मोजतो. पण लोखंडी संपर्क एकदा जुळून थांबत नाही. पत्र्यावर टाकलेल्या गोटीसारखा तो काही मिलिसेकंद टणटणत राहतो, आणि कंट्रोलरचे कान इतके तिखट की त्याला तीन वेगळी पोती ऐकू येतात. तीनशे पोती धान आत गेलं आणि सहाशे पोती तांदूळ बाहेर आला, असा हिशेब पडद्यावर दिसतो. धानाचा तांदूळ वजनानं दोनतृतीयांशाच्या आसपास उतरतो हे या भागातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, पण आकडा वाढता असला की लगेच तक्रार करायची नाही असा मालकांचा स्वभाव. इनपुटचा फिल्टर काही मिलिसेकंदांनी वाढवला की प्रश्न मिटतो. मात्र हौसेनं तो अर्ध्या सेकंदावर नेला तर घाईनं सरकलेलं पोतं अजिबात मोजलं जात नाही. मालकाचा फोन येतो तो या वेळी, आणि पाच मिनिटांच्या आत.

मोटरच्या ड्राइव्हची जाड केबल आणि प्रॉक्सीची बारीक तार एकाच पाइपातून नेली तर होणारा त्रास याहून अवघड. लोखंड नसताना हजेरी लागते. भगत बोलावण्याआधी दोन्ही केबल वेगळ्या कराव्यात, शिल्डची वायर घ्यावी आणि शिल्ड अर्थ करावी. बहुतेक भुतं एवढ्यानं जातात.

आता मुद्द्याची गोष्ट. हद्दीचा लिमिट स्विच आणि आणीबाणीचं लाल बटण यांची जोडणी उलटी करायची असते. म्हणजे सगळं ठीक असताना २४ व्होल्ट चालू, आणि धोका आला की बंद. नवख्याला हे चमत्कारिक वाटतं. धोका आला तर सांगावं ना, ठीक आहे ठीक आहे असं दिवसभर काय सांगत बसायचं?

याचं उत्तर धानाच्या बांधीत मिळतं. पीक भरात आलं की या भागातला शेतकरी रात्री जागलीला जातो. मचाणावर बसून डबा वाजवतो, हाळ्या देतो, रानडुकरं पळवतो. शेजारच्या बांधीतला जागल्याही तेच करत असतो. रात्रभर एकमेकांच्या हाळ्या कानावर पडत असतात आणि त्यावर कोणी लक्ष देत नाही. लक्ष जातं ते हाळी थांबली की. माणूस झोपला, आजारी पडला, साप चावला की वाघ आला, कारण कोणतंही असो, आवाज बंद झाला की शेजारी बॅटरी घेऊन उठतो. याउलट 'वाघ आला तरच ओरडेन' असं ठरवून गप्प बसलेल्या जागल्याचा फारसा उपयोग नाही, कारण वाघ आल्यावर त्याला ओरडता येईलच असं नाही. लिमिट स्विचचंही तसंच. तार उंदरानं कुरतडली, स्क्रू ढिला झाला, सप्लाय गेला, यांतलं काहीही झालं तरी हाळी थांबते आणि मशीन जागच्या जागी उभं राहतं. धोका आला तरच २४ व्होल्ट देणारी जोडणी ठेवली असती, तर तुटलेल्या तारेवरून ती बातमी कधीच पोचली नसती.

कोळशाच्या पट्ट्यांवर हाच न्याय. चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या वीज केंद्राला कोळसा लागतो आणि तो लांबलचक पट्ट्यांवरून जातो. अशा पट्ट्यांच्या कडेनं दोरी ताणलेली असते. कुणी अडकलं, कुणी घसरलं तर हाताला येईल तिथं दोरी ओढायची, पुल कॉर्ड स्विचचा संपर्क तुटतो आणि पट्टा थांबतो. दोरी सोडली म्हणून तो आपोआप सुरू होत नाही. स्विचपाशी चालत जाऊन, हातानं रिसेट करावं लागतं, म्हणजे तिथं काय झालं हे कोणीतरी पाहतं. प्रशासनालाही हा न्याय माहीत आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो, म्हणून दुर्गम गावांसाठी धान्य पावसाळ्याआधीच पोचवलं जातं. संपर्क तुटणारच, असं धरून.

एवढी चांगली व्यवस्था असताना तिला एकच शत्रू आहे, आणि तो उंदीर नाही. हंगामाचे दिवस, गाडी भरायची आहे, आणि लिमिटचा अलार्म येऊन मशीन थांबून राहिलं आहे. अशा वेळी कोणीतरी मायेनं म्हणतो, 'शेठजी, डायरेक्ट करून देऊ का?'

'डायरेक्ट' म्हणजे २४ व्होल्टच्या टर्मिनलपासून थेट इनपुटमध्ये बोटभर तार. स्विच मध्ये नाहीच. इनपुटला चोवीस तास २४ व्होल्ट, दिवा कायम हिरवा, कंट्रोलर कायम सुखी. तात्पुरतं म्हणून केलेलं हे काम साधारणपणे पॅनेलच्या वयाएवढं टिकतं. त्या तारेला फेरूल नंबर नसतो, ती ड्रॉइंगमध्ये नसते, आणि ती लावणारा पोरगा केव्हाच दुसरीकडे लागलेला असतो.

बांधीतही हल्ली 'डायरेक्ट' आलं आहे. बाजारात बॅटरीवर चालणारा भोंगा मिळतो. त्यात आपल्या आवाजातली हाळी भरायची, बटण दाबायचं आणि घरी जाऊन झोपायचं. भोंगा रात्रभर इमानदारीनं ओरडतो. पहिले काही दिवस डुकरं बिचकतात. मग त्यांच्या लक्षात येतं की हा माणूस जागचा हलत नाही, आणि ती त्याच्या बुडाशी येऊन निवांत चरतात. शेजाऱ्याला रात्रभर हाळी ऐकू येत असते, त्यामुळे तोही उठत नाही.

ज्यांच्या गिरणीत असं पॅनेल आहे त्यांनी उद्या सकाळी मशीन चालू करण्याआधी मेन बंद करून दार उघडावं आणि इनपुटच्या रांगेत बोटभर लांबीची, नंबर नसलेली तार दिसते का ते पाहावं. रंगावर जाऊ नये. तो बहुधा हिरवा-पिवळा असतो.